गोधडीभोंवतीं जमलेला समाज

जुन्या लुगड्यांची गोधडी महाराष्ट्रांतील घरांना नवी नाहीं. विरलेलीं लुगडीं व धोतरें एकावर एक अंथरावयाचीं, त्यांना जाड दोऱ्यानें धावदोरा घालावयाचा, आणि वर्षानुवर्षांच्या वापरानें मऊ झालेलें तेंच कापड पुन्हां लेकरांच्या अंगावर पांघरावयाचें, ही रीति घरोघरीं परिचयाची आहे. कोणी तिला गोधडी म्हणतात, कोणी वाकळ. परंतु या वस्तूसाठीं बायकांचीं मंडळें असावींत, तिचीं संग्रहालयें असावींत, आणि आतां तर एखाद्या हौशी शिवणाऱ्या बाईनें आपल्या घरांत बसून त्याच विषयावर नित्यनेमानें बोलावें व दूरदूरच्या स्त्रियांनीं तें शिवतां शिवतां ऐकावें, हें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटेल. अमेरिकेंत हें सर्व घडलें आहे. तें कसें घडलें हें समजण्यासाठीं प्रथम तिकडच्या गोधडीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. कारण त्या समाजाचें मूळ त्या रचनेंतच आहे.

तिकडे या पांघरुणाला क्विल्ट म्हणतात. त्याचे थर तीन. वरचा थर रंगीबेरंगी तुकडे जोडून केलेला, मधला कापसाचा किंवा लोकरीचा, आणि खालीं साधें अस्तर. हे तीन थर बारीक टांक्यांनीं एकजीव करणें, याच क्रियेला खरें पाहतां क्विल्टिंग हें नांव आहे. तुकडे जोडण्याचें काम एकटी बाई मांडीवर घेऊन करूं शकते. आज दोन तुकडे, उद्यां दोन. परंतु तीन थर एकत्र शिवावयाचे म्हणजे ते लांकडी चौकटीवर ताणून बसवावे लागतात. नाहीं तर आंतला कापूस सरकतो आणि कापडाला चुण्या पडतात. अशी चौकट मांडली कीं लहानशा घरांतली निम्मी खोली अडते. कित्येक घरांत ती दोरांनीं छताला टांगीत आणि जेवणाची वेळ झाली कीं वर ओढून घेत. एकीच्या हातानें हें काम महिनोन्महिने चालूं लागलें तर बाकीचा संसार चालावयाचा कसा? म्हणून शेजारणींना बोलावणें जाई. चौकटीच्या चारी बाजूंना आठदहा जणी बसत, प्रत्येक जण आपल्या हाताच्या पल्ल्यांतला भाग शिवी, आणि एरवीं कित्येक आठवडे रेंगाळणारें काम थोड्याच बैठकींत उरके.

या मेळाव्याला क्विल्टिंग बी असें म्हणत. आपल्याकडील शेतकरी नांगरणीसाठीं इर्जिक घालीत, तोच हा प्रकार. मजुरी नाहीं, फक्त जेवण, आणि उद्यां तुझ्या घरीं मी येईन हें न बोलतां दिलेलें वचन. शिवणाऱ्या बाईचे हात व डोळे गुंतलेले असतात, पण कान आणि जीभ मोकळीं असतात. त्यामुळें चौकटीभोंवतीं सुईबरोबर बोलणेंही चाले. कोणाकडे पाळणा हलला, कोण अंथरुणाला खिळलें, कोणाची शेती बुडाली, हें सारें तेथें कळे. आणि ज्या घरावर आपत्ति आली असेल त्या घरासाठीं पुढची गोधडी कोणी करावयाची, हेंही तेथेंच ठरे. दूरदूर विखुरलेल्या शेतवाड्यांवर राहणाऱ्या स्त्रियांना एरवीं एकमेकींची गांठ पडणें कठीण. गोधडीचें निमित्त नसतें तर हा संवाद होताच ना.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवणाचें यंत्र घरोघरीं आलें आणि गिरण्यांचीं तयार पांघरुणें स्वस्त झालीं. गरज म्हणून गोधडी करण्याचें कारण कमी झालें, तरी हौस मात्र राहिली, आणि बोलण्याची जागा हळूहळू छापील कागदानें घेतली. कॅन्सस सिटी स्टार या वृत्तपत्रानें १९२८ पासून १९६१ पर्यंत गोधड्यांचे नमुने छापले. त्यांतील पुष्कळसे वाचक स्त्रियांनींच पाठविलेले होते. नमुन्यांचीं नांवें मोठीं बोलकीं आहेत. ओंडक्यांची खोपट, उडते हंस, अस्वलाचा पंजा, दारुड्याची वाट, लग्नाची दुहेरी अंगठी. ज्या जीवनांतून त्या स्त्रिया आल्या त्याची छाया या नांवांवर पडलेली आहे.

परंतु कीर्ति आणि कष्ट यांची सांगड येथेंही नेहमींच बसली असें नाहीं. १९३३ मध्यें शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें सीअर्स या व्यापारी कंपनीनें गोधड्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरविली. मंदीचे दिवस होते. बक्षिसाची रक्कम एक हजार डॉलरहून अधिक होती. सुमारें २५ हजार गोधड्या आल्या. पहिलें बक्षीस केंटकी राज्यांतील एका बाईंना मिळालें, आणि ती गोधडी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नीला भेट देण्यांत आली. पुढें उघड झालें कीं ती गोधडी त्या बाईंनीं स्वतः शिवलेलीच नव्हती. तुकडे जोडणाऱ्या व टांके घालणाऱ्या स्त्रिया निराळ्या होत्या. त्यांना ठरलेली मजुरी तेवढी मिळाली. तसल्या दिवसांत हातचें काम जाईल या भीतीनें त्या गप्प राहिल्या. गोधडीवर नांव कोणाचें लागतें हा प्रश्न तेव्हांपासून या क्षेत्राच्या पाठीस लागलेला आहे.

या प्रश्नाचें सर्वांत ठळक उदाहरण अलाबामा राज्यांतील जीज बेंड या वस्तीचें आहे. अलाबामा नदीनें तीन बाजूंनीं वेढलेली ही वस्ती पूर्वीं कापसाचा मळा होती, आणि तेथील रहिवासी त्या मळ्यावरील गुलामांचे वंशज. तेथील स्त्रिया कामाचे जुने कपडे, पोतीं, उरलेले तुकडे यांच्या गोधड्या करीत. थंडी निवारणें एवढाच त्यांचा हेतु. १९६२ मध्यें तेथील कृष्णवर्णीय लोक मतदार म्हणून नांव नोंदविण्यासाठीं पुढें येऊं लागले, तेव्हां नदीपलीकडच्या तालुक्याच्या गांवीं नेणारी तर बंद करण्यांत आली. पाण्यावरचा थोडासा प्रवास रस्त्यानें दूरवरच्या वळशाचा झाला. १९६५ मध्यें डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग यांनीं त्या वस्तीला भेट दिली. मताचा हक्क मागितल्याबद्दल कित्येक कुटुंबांना राहत्या जागेवरून हुसकून लावण्यांत आलें. अशा वेळीं, १९६६ मध्यें, त्या परिसरांतील स्त्रियांनीं फ्रीडम क्विल्टिंग बी या नांवाची सहकारी संस्था काढली. गोधड्या न्यूयॉर्कला पाठवून त्यांचे लिलांव झाले, मोठ्या दुकानांचीं कामें मिळालीं, आणि ज्या बायकांच्या हातीं पूर्वीं रोख पैसा क्वचितच येई त्यांना नियमित मिळकत होऊं लागली. चौकटीभोंवतीं बसून बोलणाऱ्या बायका आतां संस्थेचा हिशेब ठेवूं लागल्या.

ती संस्था २०१२ मध्यें बंद झाली. पण त्याच्या आधींच, २००२ मध्यें, ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत जीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या होत्या. २००६ मध्यें त्यांचीं चित्रें टपालाच्या तिकिटांवर आलीं, आणि त्याच वर्षीं चव्वेचाळीस वर्षें बंद असलेली तर पुन्हां सुरू झाली. २०२२ पासून तेथें दर वर्षीं गोधड्या दोऱ्यांवर वाळत घालण्याचा उत्सव होतो. पूर्वीं ऋतु पालटला कीं पांघरुणें उन्हांत टाकीत. त्याच घरगुती कामाचें हें सार्वजनिक रूप.

गेल्या पन्नास वर्षांत एकंदर हौशी समाजही फार वाढला. १९७१ मध्यें न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानें जुन्या गोधड्या चित्रांप्रमाणें मांडल्या, आणि १९७६ मध्यें राष्ट्राच्या स्वातंत्र्याला दोनशें वर्षें झाल्यामुळें जुन्या कलांची आठवण सर्वत्र जागी झाली. १९७९ च्या सुमारास जपानी बनावटीची फिरत्या पात्याची कातणी आली; कात्रीनें एकेक तुकडा कापण्याऐवजीं अनेक पदर एका झटक्यांत कापतां येऊं लागले. लांब हाताचीं मोठीं यंत्रें आलीं, आणि तीन थर शिवण्याचें जें काम पूर्वीं दहा बायका करीत तें एक बाई एका दिवसांत करूं लागली. केंटकी राज्यांतील पडूका या गांवीं १९९१ मध्यें गोधड्यांचें स्वतंत्र संग्रहालय उघडलें. गांवोगांवच्या मंडळांच्या मासिक सभा, प्रदर्शनें व स्पर्धा नित्याच्या झाल्या.

यांत एक विसंगति मात्र शिल्लक राहिली. यंत्रानें काम सुलभ केलें, पण चौकटीभोंवतालच्या शेजारणी उठून गेल्या. मंडळाची सभा महिन्यांतून एकदां. बाकीचे दिवस बाई आपल्या खोलींत, आपल्या यंत्रापाशीं, एकटी. ही पोकळी भरून काढण्यास २००४ च्या सुमारास एक नवें साधन पुढें आलें, त्याला पॉडकास्ट म्हणतात. त्याला नभोवाणीचेंच धाकटें भावंड म्हणावयास हरकत नाहीं. फरक एवढाच कीं त्याला केंद्र लागत नाहीं, परवाना लागत नाहीं आणि ठराविक वेळही लागत नाहीं. कोणींही आपलें बोलणें मुद्रित करून इंटरनेटवर ठेवावें, आणि ऐकणाऱ्यानें आपल्या सवडीनें ऐकावें. शिवणकामाशीं त्याचा मेळ ताबडतोब बसला. कारण उघड आहे. चित्रपट पाहावयास डोळे लागतात, पुस्तक वाचावयास हात व डोळे दोन्ही लागतात. शिवणाऱ्या बाईजवळ रिकामे असतात ते कानच.

अशा एखाद्या हौशी बाईच्या बोलण्यांत असतें तरी काय? या आठवड्यांत कोणता नमुना हातीं घेतला, कोठें टांके उसवावे लागले, कोणता रंग फसला, हें तर असतेंच. त्याबरोबर मंडळाच्या प्रदर्शनाची तारीख असते, नव्या पुस्तकाची हकीकत असते, कोणा श्रोत्या बाईचें पत्र असतें. आणि मुलाच्या शाळेची, म्हाताऱ्या आईच्या दुखण्याची, स्वतःच्या कंटाळ्याचीही गोष्ट असते. परक्या माणसाला हें पाल्हाळ वाटेल. परंतु चौकटीभोंवतीं चालणारें बोलणें याहून निराळें नव्हतें. कामाची माहिती आणि घरची खबर यांची तेथेंही फारकत नव्हती, आणि तशी ती केली असती तर कोणी फार वेळ बसलेंही नसतें.

या मार्गांत उणीव आहे, ती झांकण्याचें कारण नाहीं. चौकटीवर बोलणारी व ऐकणारी एकच असे. येथें बोलणारी एक आणि ऐकणाऱ्या अनेक. ऐकणारीनें उत्तर दिलें तरी तें पत्रानें, उशिरां. शेजारीण आजारी पडली तर तिच्या घरीं पेज नेऊन देतां येते; कानांत येणाऱ्या आवाजाला तसें कांहीं देतां येत नाहीं. तरीही हा समाज नुसता ऐकून घेणारा नाहीं, हें प्रसंगीं दिसून आलें आहे. २०२० मध्यें कोरोनाची सांथ आली आणि मुखपट्ट्या मिळेनाशा झाल्या, तेव्हां घट्ट विणीचें सुती कापड, यंत्र आणि कसब हीं तिन्हीं गोधडी शिवणाऱ्यांच्या घरीं तयार होतीं. त्यांनीं गोधड्या बाजूला ठेवल्या आणि शेजाऱ्यांसाठीं व रुग्णालयांसाठीं मुखपट्ट्या शिवल्या.

आवाज आणि कापड यांचा याहून गंभीर मेळ १९८७ मध्यें दिसला होता. एड्सच्या रोगानें मेलेल्यांचीं नांवें घेण्यासही लोक तेव्हां कचरत; कित्येकांना रीतसर अंत्यसंस्कारही मिळाले नाहींत. सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत क्लीव्ह जोन्स यांनीं त्या मृतांच्या स्मरणार्थ गोधडी करण्याची कल्पना काढली. प्रत्येक मृतासाठीं तीन फूट रुंद व सहा फूट लांब असा एक पट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजीं वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण मैदानावर असे १,९२० पट अंथरण्यांत आले आणि एकेक नांव मोठ्यानें वाचण्यांत आलें. पुढें पटांची संख्या ५० हजारांच्या आसपास गेली आणि त्यांचें वजन ५४ टन भरलें. जीं नांवें घरांतही हळू आवाजांत घेतलीं जात तीं राजधानींत मोकळ्या आकाशाखालीं ऐकूं आलीं. गोधडीचें मूळ काम ऊब देणें हें. येथें ती मृतांना देतां येत नव्हती, म्हणून त्यांच्या माणसांना दिली गेली.

या सर्व इतिहासाचा आपल्याकडील घरांना उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग आहे. गोव्यांत पोर्तुगीजांनीं आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांपैकीं बरेच जण उत्तर कानडा जिल्ह्यांत राहतात. त्यांना सिद्दी म्हणतात. त्यांच्या स्त्रिया कवंदी नांवाची गोधडी करतात. ती कडेपासून आरंभून मध्याकडे शिवीत नेतात, आणि चारी कोंपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांचीं फुलें लावतात. या कवंदीची वाखाणणी आतां अमेरिकेंतही होते. आपल्या वाकळेची मात्र अजून आपणच नीट नोंद केलेली नाहीं.

१९८१ मध्यें केंटकी राज्यांत जुन्या गोधड्यांची गांवोगांव नोंद करण्याचें काम सुरू झालें आणि इतर राज्यांनीं तें उचललें. लोक आपापल्या घरच्या गोधड्या घेऊन येत; त्यांचीं छायाचित्रें व माहिती टिपून घेतली जाई. तेव्हां दिसून आलें कीं पुष्कळ गोधड्यांमागील बायकांचीं नांवें घरच्यांनाही ठाऊक नव्हतीं. तेव्हांपासून तिकडच्या मंडळांत एक साधा नियम आग्रहानें सांगितला जातो: गोधडी पुरी झाली कीं मागील बाजूस एक लहान पट्टी लावावी, आणि तिच्यावर शिवणारीचें नांव, गांव व वर्ष घालावें.

हा नियम आपल्याकडेही पाळतां येण्याजोगा आहे. त्याला खर्च नाहीं, यंत्र नाहीं. घरांत जी गोधडी आहे ती कोणी शिवली, तींतलें हिरवें लुगडें कोणाचें, हें सांगणारी आजी किंवा आत्या अजून हयात असेल तर तिला विचारून घ्यावें, पांढऱ्या कापडाच्या बोटभर पट्टीवर तें दोऱ्यानें लिहावें आणि एका कोंपऱ्यांत टांकून द्यावें. धुण्यानें शाई जाते; दोरा पुष्कळ दिवस टिकतो.