काळा रुमाल

येत्या शनिवारी आम्ही दिल्ली सोडतोय. ह्यांच्या दम्याला इथला हिवाळा सोसत नाही. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, मीच दिवस ढकलत राहिले.

निरोपाला येणारे विचारतात, आता काय कमी आहे इथे? खरंय. १९९१च्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान साठीच्या आत होतं, आता सत्तरीच्या आसपास गेलंय. फोनसाठी, गॅससाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे ते दिवस मला परत नकोत.

मला आठवतो तो सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमधला रुमाल. १९९२ला आम्ही तिथे आलो. हे बसने रिंग रोडवरून ऑफिसातून यायचे तेव्हा सकाळचा पांढरा रुमाल काळा झालेला असायचा. सोडा घालून उकळला तरी मधोमध करडा डाग राहायचाच.

२८ जुलै १९९८ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शहरातल्या सगळ्या बस सीएनजीवर आणा. मुदत ३१ मार्च २००१. किती मोठमोठ्या माणसांनी तेव्हा 'अशक्य' म्हणून मान हलवली! गॅस कुठाय, पंप कुठायत? त्या एप्रिलमध्ये बस मिळेनात, रिक्षावाले पंपावर रात्र काढत. हाल झाले, आमचेही झाले. पण न्यायालय मागे हटलं नाही आणि डिसेंबर २००२पर्यंत डिझेलच्या सिटी बस गेल्या. त्याच महिन्यात शाहदरा ते तीस हजारी मेट्रो धावली. त्या हिवाळ्यात मी रुमाल उकळणं सोडलं.

ही कमाई आपण घालवली. मोटारी वाढू दिल्या, बस वाढवल्या नाहीत. २०१८मध्ये सरोजिनीनगर आणि आसपासच्या वसाहती पाडून टॉवर उभे करायला हजारो झाडं तोडायची ठरली. लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, तेव्हा कुठे उच्च न्यायालयाने कुऱ्हाड थांबवली. १८ नोव्हेंबर २०२४ला हवेचा निर्देशांक ४९४ होता. मोजपट्टीच पाचशेला संपते.

आता कुणी 'भाभीजी, याला इलाज नाही' म्हणालं की मला राग येतो. इलाज झाला होता. मी तो माझ्या मोरीत पाहिलाय.

सामान बांधून झालंय. हवा शुद्ध करायचं यंत्र तेवढं शेजारी देऊन जातेय. त्यांची नात सात महिन्यांची आहे.