डिझेलांतील पाणी व ट्रॅक्टरची टांकी

गेल्या मृगांत आमच्याच शेतावर घडलेली गोष्ट वाचकांस सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पाऊस होऊन उत्तम वाफसा आला होता, बियाणें व खत बांधावर येऊन पडलें होतें, आणि ट्रॅक्टर दोन तास टाकतो न टाकतो तोंच आचके देऊन बंद पडला. मिस्त्र्यानें फिल्टरखालचें बूच ढिलें केलें, तों डिझेलऐवजीं पेलाभर पाणी बाहेर आलें. इंधन-पंप खोलून तालुक्याच्या गांवीं पाठवावा लागला. तो परत येईतों वाफसा गेला होता. आम्हीं प्रथम दोष अर्थातच डिझेल विकणाराच्या माथीं मारला. पुढें शोध करतां तो सर्वस्वीं आमचाच निघाला.

डिझेल हें इंजिनाचें केवळ खाद्य नव्हे, तर इंधन-पंपाचें वंगणही आहे. पंपांतील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दोन-तीन पट एवढीच असते, व तींत डिझेलचाच पातळ थर वंगणाचें काम करतो. पाण्यास ती स्निग्धता नाहीं. तें आंत शिरलें कीं गुळगुळीत पोलादावर गंज चढतो, दट्ट्या अडकतो व नोझलचीं सूक्ष्म छिद्रें खराब होतात. जुन्या साध्या इंजिनांत नोझल सुमारें २०० वातावरणांच्या दाबानें उघडे. हल्लींच्या कॉमन रेल इंजिनांत हा दाब १००० च्याही वर जातो. जुन्या यंत्रानें पुष्कळ हयगय सोसली, तेवढी हें नवें सोसणार नाहीं.

आतां हें पाणी येतें कोठून? १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या डिझेलांत किलोमागें २०० मिलिग्रॅमपेक्षां अधिक पाणी असतां कामा नये. या हिशेबानें २०० लिटरच्या भरलेल्या पिंपांत फार तर ३३-३४ ग्रॅम पाणी यावें. मग पेलाभर पाणी आलें कसें? आमचें पिंप अंगणांत उभें असे, हेंच त्याचें उत्तर. पिंपाच्या माथ्यास उंच कांठ असतो. पाऊस पडला कीं तेथें ताटासारखें पाणी सांचतें व दोन्ही बुचें त्यांत बुडतात. उन्हानें पिंपांतील हवा फुगते व बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर पडते. मागाहून सर आली, पत्रा निवाला, कीं उरलेली हवा आकसते आणि माथ्यावरचें पाणी त्याच आट्यांवाटे आंत ओढलें जातें. वायसर झिजलेलें असल्यास बूच कितीही आवळा, हा प्रकार टळत नाहीं. शिवाय पाणी डिझेलहून जड. तें एकदां तळाशीं बसलें कीं वरून पाहणारास त्याचा पत्ता लागत नाहीं.

यास्तव पिंप छपराखालीं ठेवावें. तशी सोय नसेल तर तें दोन ओंडक्यांवर आडवें निजवावें, व दोन्ही बुचें एका आडव्या रेषेंत येतील असें फिरवावें. म्हणजे पिंप भरलेलें असेपर्यंत बुचांशीं आंतून हवा नव्हे, डिझेल राहतें. पिंप हलविल्यावर एक दिवस निवूं द्यावें. उपसण्याची नळी तळापासून चार बोटें वर धरावी. तळचें उरलेलें डिझेल टांकींत घालण्याचा मोह आम्हांसही होतो. पण तें घालूं नये.

टांकी सकाळीं निघतांना भरावयाची, अशी बहुतेकांची रीत आहे. ती सोडावी. अर्धी रिकामी टांकी रात्रभर राहिली म्हणजे तींतील दमट हवा निवते व पत्र्यावर आंतून दंव धरतें. एका रात्रीचे थेंब थोडेच, परंतु ते डिझेलखालीं जाऊन बसतात व पुन्हां उडून जात नाहींत. सबब काम संपल्यावर, इंजिन बंद करून व थोडें निवूं देऊन, सायंकाळींच टांकी भरावी. डिझेल उन्हानें फुगतें, म्हणून कांठोकांठ भरूं नये. विडीकाडी अर्थात दूर.

भरण्यापूर्वीं झांकणाभोंवतालचा चिखल व पाणी पुसून घ्यावें. जुन्या धोतराच्या फडक्यांतून डिझेल गाळण्याचा प्रघात आम्हांस पसंत नाहीं. त्यांतून पाणी पार जातें आणि सुताचे तंतू मात्र टांकींत पडतात. बारीक जाळीचें नरसाळें बरें. जस्त चढविलेली बादलीही वर्ज्य करावी, कारण जस्ताचा डिझेलशीं संयोग होऊन चिकट पदार्थ बनतो व तो फिल्टर बुजवितो.

सकाळीं ट्रॅक्टर हलविण्यापूर्वीं फिल्टरखालचें बूच सैल करून थोडें डिझेल कांचेच्या बाटलींत घ्यावें. पाणी असल्यास खालीं वेगळा थर स्पष्ट दिसेल. शुद्ध डिझेल येईपर्यंत तें वाहूं द्यावें. काळपट बुळबुळीत गाळ आला तर समजावें कीं पाण्याच्या व डिझेलच्या सांध्यावर सूक्ष्म जंतूंनीं वस्ती केली आहे. मग टांकी उतरवून साफ करावी लागते, नुसता फिल्टर बदलून भागत नाहीं. पाणी काढल्यानंतर हातपंप दाबून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. मात्र कॉमन रेलच्या उच्च दाबाच्या नळ्यांस घरीं हात लावूं नये.

बाटलींतलें पाणी डिझेलनें माखलेलें असतें. तें विहिरीकडे किंवा गोठ्याच्या बाजूस न फेकतां निराळ्या डब्यांत सांठवावें.