ए ड्राइव्हमध्ये राहिलेली फ्लॉपी

दर वर्षी ५ जानेवारीला काही संगणक चालू केले की एकच हट्ट धरून बसत. पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची : टाइप 'हॅपी बर्थडे जोशी'. बाकी सगळं ठप्प. एंटर मारा, एस्केप मारा, उपयोग नाही. मुकाट्याने ते तीन शब्द टाइप केले की मशीन पुन्हा कामाला लागायचं. १९९० च्या जूनमध्ये भारतात सापडलेला हा 'जोशी' व्हायरस पुढे देशाबाहेरही पोचला. मी त्या काळात पुण्यात एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवत होतो. चपला बाहेर काढून, पाय झटकून आत यायचं, अशी त्या खोलीची शिस्त. एका ५ जानेवारीला तिथल्या मशीनवर ही ओळ आली आणि सगळा वर्ग भोवती गोळा झाला. एका मुलीने आधी नुसतं 'हॅपी बर्थडे' टाइप करून पाहिलं. काही झालं नाही. आडनावासकट टाइप केलं तेव्हा पडदा मोकळा झाला. "सर, हे आलं कुठून?" तिने विचारलं. त्या प्रश्नाने मला असं पछाडलं, की तो विषय आजतागायत सुटलेला नाही.

व्हायरस करतो काय, यापेक्षा तो येतो कुठून आणि कोणाच्या हातून चालू होतो, हे मला नेहमीच जास्त महत्त्वाचं वाटत आलं आहे. या जगातले सगळे शब्दसुद्धा त्याच प्रश्नाभोवती फिरतात. व्हायरस दुसऱ्या प्रोग्रामच्या किंवा डिस्कच्या अंगाला चिकटतो. तो यजमान कोणीतरी चालवला की हाही चालतो आणि आपली प्रत पुढे चिकटवतो. वर्म स्वतंत्र असतो आणि नेटवर्कवरून आपल्या पायांनी जातो. ट्रोजन स्वतःची प्रत काढतच नाही. काहीतरी कामाची वस्तू असल्याचं भासवून तो तुमच्याच हातून आत येतो. खंडणी मागतो तो रॅन्समवेअर. आत शिरल्यावर जी करामत व्हायची ती पेलोड, आणि प्रयोगशाळेबाहेर लोकांच्या मशीनवर जो खरोखर फिरतो आहे तो 'इन द वाइल्ड'. अशा सगळ्या उपद्रवी प्रोग्रामना मिळून मालवेअर म्हणतात.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १९७१ मध्ये अमेरिकेच्या आर्पानेटवर 'क्रीपर' नावाचा प्रयोग या मशीनवरून त्या मशीनवर फिरला. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाने ॲपल टू साठी 'एल्क क्लोनर' लिहिला. १९८३ मध्ये फ्रेड कोहेन या संशोधकाने व्हायरसचं प्रात्यक्षिक करून दाखवलं आणि त्यावर शास्त्रशुद्ध लिहिलं. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिसच्या वर्मने इंटरनेटवरची हजारो मशीन्स आडवी केली. हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण आपल्याकडे त्या काळी नेटवर्क होतं कुठे? आपल्याकडे होती फ्लॉपी.

आता माझ्या आवडत्या जागेकडे येतो. ती जागा म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर, अवघे ५१२ बाइट. संगणकाचं बटण दाबलं की बायॉस हा मशीनमध्येच बसवलेला प्रोग्राम जागा होतो, मेमरी मोजतो आणि मग डिस्क शोधू लागतो. त्या काळी हा शोध ए ड्राइव्हपासून सुरू होई. ड्राइव्हचा दिवा लागतो, डोकं घरघरतं आणि आत फ्लॉपी असेल तर तिचा पहिला सेक्टर मेमरीतल्या ठरलेल्या जागी आणला जातो. त्यात काय आहे, कोणी लिहिलं आहे, याची चौकशी होत नाही. बायॉस मशीनचा ताबा त्याच्याकडे देऊन मोकळा होतो.

आता संध्याकाळची वेळ धरा. डीटीपीवाल्याने प्रेसची फाइल कॉपी केली, घाईत मशीन बंद केलं आणि फ्लॉपी ए ड्राइव्हमध्येच राहिली. सकाळी बटण दाबलं तर पडद्यावर 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर'. हा संदेश त्या पिढीने शेकडो वेळा पाहिला आहे आणि तो संगणकच देतो, असं बहुतेकांना वाटत असे. खरं तर फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमधला चिमुकला प्रोग्राम तो छापत असतो. म्हणजे फ्लॉपीवर नुसती लग्नपत्रिकेची फाइल असली, तरी एक प्रोग्राम तिच्यावर असतोच आणि तो नुकताच चालून गेलेला असतो! त्याच्या जागी व्हायरस बसलेला असेल, तर तो आधी हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्डमध्ये, आपली प्रत लिहितो आणि मग मूळ सेक्टर चालवतो. त्यामुळे संदेश नेहमीसारखाच दिसतो. वापरणारा फ्लॉपी काढतो, कळ दाबतो आणि कामाला लागतो. तेवढ्यात सगळं उरकलेलं असतं. त्यानंतर ए ड्राइव्हमध्ये येणाऱ्या फ्लॉपीवर कोणी नुसतं 'डीआयआर' मारलं, तरी तीही बाधित.

या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, बसणाऱ्या व्हायरसांत ब्रेनचा मान पहिला. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी तो लिहिला आणि बूट सेक्टरमध्ये आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला. आयबीएम पीसीवरचा हा पहिला ज्ञात व्हायरस. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींचा माग काढायला तो लिहिला, असं त्यांचं म्हणणं. फिनलंडचे संगणक-सुरक्षा संशोधक मिक्को हिप्पोनेन २०११ मध्ये तोच पत्ता शोधत लाहोरला गेले, तर दोघे भाऊ तिथे भेटले. त्या भेटीची चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहतो. ब्रेनची मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्याचं लपणं. पीसीवर डिस्कची प्रत्येक वाचनाची मागणी 'इंटरप्ट १३' नावाच्या एकाच वाटेने जाते. ब्रेनने तीच वाट अडवली होती. कोणी बूट सेक्टर तपासायला मागितला, की तो इतरत्र जपून ठेवलेला मूळ, स्वच्छ सेक्टर पुढे करी. टपाल कचेरीतला कारकूनच फितूर झाल्यावर पत्र उघडलं गेलं की नाही हे कोणाला विचारणार? या युक्तीला स्टेल्थ म्हणतात आणि ती पहिल्याच पीसी व्हायरसमध्ये होती.

तरीही एक खूण उरायचीच. व्हायरसला मेमरीत राहायला जागा लागते आणि ती तो डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमपासून लपवून ठेवतो. ६४० केबीच्या मशीनवर डॉसची चेकडिस्क ही आज्ञा चालवली की एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट दिसली पाहिजे. ६,५३,३१२ दिसली तर दोन केबी कोणीतरी खाल्ले; स्टोन्ड नावाचा व्हायरस किंवा त्याचा भाऊबंद असण्याची शक्यता मोठी. ६,४९,२१६ दिसली तर सहा केबी गेले. जोशीचा तेवढाच वाटा. हे आकडे आम्हाला तोंडपाठ होते. जोशी आणखी बेरकी. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तरी तो मेमरीत टिकून राहायचा. वीज पूर्ण बंद करायची आणि राइट-प्रोटेक्ट केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून बूट करायचं, हाच उपाय. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर काळी किंवा चंदेरी चिकटपट्टी लावली, की ड्राइव्ह तिच्यावर लिहीत नसे. हे बंधन यंत्रातलं असल्यामुळे कुठल्याही प्रोग्रामला मोडता येत नसे. त्या इवल्याशा चिकटपट्टीइतकं भरवशाचं संरक्षण नंतर माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

'निरुपद्रवी व्हायरस' हा शब्दप्रयोग मला मुळीच मान्य नाही. स्टोन्ड १९८७ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये निघाला. तुमचा पीसी झिंगला आहे, अशा अर्थाचा संदेश अधूनमधून दाखवायचा, एवढाच त्याचा हेतू. पण मूळ बूट सेक्टर तो ज्या जागी नेऊन ठेवी, ती जागा ३६० केबीच्या फ्लॉपीवर बहुधा रिकामी असे आणि १.२ एमबीच्या फ्लॉपीवर तिथे डिरेक्टरीच्या नोंदी असत. त्या पुसल्या जायच्या आणि फाइल्स दिसेनाशा व्हायच्या. कर्त्याच्या मनात नसलेलं नुकसानही नुकसानच. त्याच स्टोन्डवरून बेतलेला मायकेलँजेलो तर हेतूनेही वाईट होता. ६ मार्चला, म्हणजे त्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी, तो डिस्कच्या सुरुवातीचा भाग खरडून टाकी. १९९२ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी लाखो मशीन्स जाणार म्हणून हाकाटी केली. प्रत्यक्षात गेली ती हजारोंत. अनेकांनी तर त्या दिवशी मशीन चालूच केलं नाही.

आपल्याकडे त्याच सुमारास पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करत होते. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशीनना हार्डवेअरचा आजार नसून व्हायरसचा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय लिहायला घेतला आणि १९९५ मध्ये त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. दुरुस्तीच्या टेबलावरून अँटिव्हायरसची कंपनी निघावी, हे मला अतिशय स्वाभाविक वाटतं. फ्लॉपीच्या काळात शहरातली रोगराई पाहायची तर त्याच टेबलावर बसावं लागे.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी अजून जातो. भंगारात पडलेल्या मदरबोर्डच्या ढिगात कधी सव्वापाच इंची ड्राइव्ह मिळतो, कधी कुणाच्या हिशेबाच्या फ्लॉपी. विकणाऱ्याला नवल वाटतं. "साहेब, हे आता कशालाच चालत नाही," तो सांगतो. मी त्या घरी आणून, नेटवर्क नसलेल्या जुन्या मशीनवर फक्त त्यांचा पहिला सेक्टर वाचतो. एका फ्लॉपीच्या त्या ५१२ बाइटांत स्टोन्डची ओळ जशीच्या तशी सापडली, तेव्हा उत्खननात नाणं मिळाल्याचा आनंद झाला.

पुढचं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पेनड्राइव्ह आले आणि विंडोजच्या ऑटोरनने तोच जुना घोळ नव्याने घातला. सायबर कॅफेतून घरी आणलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरचं चित्र लावलेली 'न्यू फोल्डर'ची ईएक्सई फाइल असे. डबल क्लिक केलं की झालं. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारा अपडेट दिला आणि ही वाट बरीचशी बुजली. हल्ली मोबाइलवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून एपीके फाइल येते. हा अस्सल ट्रोजन. पत्रिका पाहण्याच्या उत्सुकतेने माणूस स्वतःच ती बसवतो.

पण तो पहिला सेक्टर विस्मरणात गेला, असं समजू नका. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' सुटला आणि नेटवर्कवरून वर्मसारखा पसरत मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत पोचला. तिच्यामुळे आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. हा प्राणी काय करत होता? मास्टर बूट रेकॉर्ड खरडून तिथे आपला प्रोग्राम लिहायचा, मशीन रीस्टार्ट करायचं आणि पडद्यावर चेकडिस्कचं खोटं दृश्य दाखवत मागे फाइलींची अनुक्रमणिका कुलूपबंद करायची. ज्या चेकडिस्कच्या आकड्यांवरून आम्ही व्हायरस ओळखायचो, त्याच चेकडिस्कचा बुरखा! उरणच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागल्याची बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वेलिंग्टनचा स्टोन्ड आला.

बायॉसच्या जागी यूईएफआय आलं. त्यातलं सिक्युअर बूट हे पहिला प्रोग्राम चालवण्याआधी त्याची डिजिटल सही तपासतं. म्हणजे १९८६ मध्ये जी चौकशी होत नव्हती, ती आता होते. तरी २०२३ च्या मार्चमध्ये 'इसेट' या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी 'ब्लॅकलोटस' नावाचा मालवेअर उघडकीस आणला. तो सही खोटी करत नाही. मायक्रोसॉफ्टचीच खरी सही असलेली, पण दोष असलेली जुनी बूट फाइल तो सोबत घेऊन येतो. त्या दोषावरचा अपडेट जानेवारी २०२२ मध्येच निघाला होता, पण जुन्या फाइलींच्या सह्या रद्द केलेल्या नव्हत्या. त्या एकदम रद्द कराव्यात, तर जुन्या सीडी, पेनड्राइव्ह आणि बॅकअपवरून मशीन सुरूच होणार नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टने त्या मे २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बाद करायला घेतल्या.