विश्लेषण : मान मोडली, रक्त वाहिले, तरी मैदान सोडले नाही... फुटबॉलमधील धाडसाचे नियम का बदलावे लागले?

१३ जुलै २०१४. रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानावर जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यात विश्वचषकाची अंतिम लढत सुरू होती. १७व्या मिनिटाला अर्जेंटिनाचा बचावपटू इझेकिएल गाराय याचा खांदा जर्मनीचा मध्यरक्षक ख्रिस्तोफ क्रामरच्या चेहऱ्यावर जोरात आदळला. क्रामर कोसळला. वैद्यकीय पथकाने त्याला तपासले आणि तो पुन्हा खेळू लागला. थोड्या वेळाने त्याने पंच निकोला रिझोली यांना विचारले, की ही अंतिम लढतच आहे का? रिझोली यांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी ही बाब जर्मनीच्या बास्टियन श्वाइनस्टायगरच्या कानावर घातली. ३१व्या मिनिटाला क्रामरला बाहेर घेण्यात आले. तोवर सुमारे १४ मिनिटे तो जगातील सर्वांत मोठा सामना खेळत होता आणि आपण कोणता सामना खेळतोय, हेच त्याला उमगत नव्हते.

दुखापत झाली तरी मैदान न सोडणारा खेळाडू शूर, ही फुटबॉलमधील जुनी समजूत. क्रामरच्या प्रकरणाने तिच्यातील धोका कोट्यवधी प्रेक्षकांसमोर आणला. ही समजूत कुठून आली, विज्ञान काय सांगते आणि नियम कसे बदलले, याचा हा आढावा.

जखमी होऊनही खेळण्याची परंपरा कुठून आली?

यात सर्वाधिक सांगितला जाणारा किस्सा बर्ट ट्राउटमान यांचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेले ट्राउटमान युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आले आणि पुढे मँचेस्टर सिटीचे गोलरक्षक झाले. ५ मे १९५६ रोजी वेम्बलीवर बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध एफए चषकाची अंतिम लढत होती. सामना संपायला १७ मिनिटे उरली असताना चेंडू पकडण्यासाठी त्यांनी पीटर मर्फीच्या पायांत झेप घेतली आणि मर्फीचा गुडघा त्यांच्या मानेवर बसला. मान धरून, अडखळत ते शेवटपर्यंत खेळले. सिटीने सामना ३-१ असा जिंकला. काही दिवसांनी एक्स-रे काढला, तेव्हा मानेचा मणका मोडल्याचे दिसले. शेजारचा मणका नेमका अशा जागी अडकला होता, की पुढील इजा टळली. तो थोडा जरी सरकता, तरी जिवावर बेतले असते.

या किश्शात एक गोष्ट सहसा मागे राहते. त्या वेळी बदली खेळाडूची सोयच नव्हती. ट्राउटमान बाहेर गेले असते, तर संघाला दहा जणांनिशी खेळावे लागले असते आणि गोलजाळ्यासमोर दुसऱ्याच कुणाला तरी उभे करावे लागले असते. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू आला १९६५-६६च्या हंगामात आणि विश्वचषकात १९७० मध्ये. त्याच १९७०च्या विश्वचषकात इटलीविरुद्धच्या उपांत्य लढतीत पश्चिम जर्मनीच्या फ्रान्झ बेकेनबाउरचा खांदा निखळला. संघाने दोन्ही बदली खेळाडू आधीच वापरले होते. हात छातीशी बांधून बेकेनबाउर जादा वेळेतही खेळत राहिला. इटलीने तो सामना ४-३ असा जिंकला. पण हात बांधलेल्या बेकेनबाउरचे छायाचित्र मात्र अजरामर झाले. थोडक्यात, ज्या धाडसाच्या कथा आपण ऐकत आलो, त्यातील कित्येक नियमांनी दुसरा पर्यायच न ठेवल्यामुळे घडल्या.

रक्त वाहत असताना खेळता येते का?

आता नाही. ६ सप्टेंबर १९८९ रोजी स्टॉकहोममध्ये स्वीडनविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात इंग्लंडचा टेरी बुचर कपाळ फुटूनही खेळला. टाके घातले, पट्टी बांधली. पण बचावपटू म्हणून तो हेडर मारत राहिला आणि पट्टीतून रक्त झिरपत राहिले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, तेव्हा त्याचा पांढरा सदरा लाल झाला होता. इंग्लंडमध्ये ते छायाचित्र आजही जिद्दीचे प्रतीक मानले जाते.

सध्याच्या नियमांनुसार रक्तस्राव होणाऱ्या खेळाडूला मैदान सोडावेच लागते. रक्त थांबल्याची पंचांची खात्री झाल्याशिवाय त्याला परतता येत नाही आणि रक्ताने माखलेले कपडे घालून खेळता येत नाही. रक्त सर्वांना दिसते, त्यामुळे या नियमावर फारसा वाद झाला नाही. अडचण आहे ती न दिसणाऱ्या दुखापतीची.

कन्कशन म्हणजे नेमके काय?

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. धावणारे डोके अचानक थांबले किंवा झटक्यात वळले, की कवटी थांबते. पण आतला मेंदू काही क्षण हलतच राहतो. गाडीला करकचून ब्रेक लागल्यावर आतील प्रवासी पुढे फेकला जावा, तसेच काहीसे. या हादऱ्याने मेंदूच्या पेशींचे काम तात्पुरते विस्कळीत होते. स्मरणशक्ती, तोल, दृष्टी आणि प्रतिक्रियेचा वेग यांवर परिणाम होतो. यालाच कन्कशन म्हणतात.

त्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. नेहमीच्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही. लक्षणे काही मिनिटांनी, कधी काही तासांनी उमटतात. मेंदू सावरण्याआधीच दुसरा हादरा बसला, तर धोका कितीतरी वाढतो.

डोक्यावर कवच घातल्याने प्रश्न सुटतो का?

चेल्सीचा गोलरक्षक पीटर चेक काळे कवच घालून खेळायचा, हे अनेकांना आठवत असेल. १४ ऑक्टोबर २००६ रोजी रेडिंगविरुद्ध पहिल्याच मिनिटाला स्टीफन हंटचा गुडघा लागून त्याची कवटी फुटली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच सामन्यात त्याच्या जागी आलेला कार्लो कुडिचिनीही डोक्याला मार बसून बेशुद्ध झाला आणि अखेर बचावपटू जॉन टेरीला गोलरक्षण करावे लागले. चेक तीन महिन्यांनी परतला आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते कवच त्याने उतरवले नाही. असे कवच कवटीला आणि त्वचेला संरक्षण देते. आतल्या आत मेंदूचे हलणे मात्र ते थांबवू शकत नाही.

खेळाडूचे ‘मी ठीक आहे’ का पुरेसे नाही?

गुडघा दुखावला, तर तो किती दुखतो हे खेळाडू सांगू शकतो. तरीही खेळायचे ठरवले, तर तो त्याचा निर्णय असतो. कन्कशनमध्ये निर्णय घेणारा अवयवच दुखावलेला असतो. त्यामुळे खेळाडूच्या शब्दावर विसंबणे म्हणजे बिघडलेल्या मीटरचे रीडिंग खरे मानणे.

२०१४च्याच विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध उरुग्वेचा अल्वारो परेरा डोक्याला रहीम स्टर्लिंगचा गुडघा लागून काही काळ निपचित पडला. डॉक्टरांनी त्याला बदलण्याची खूण केली. परेराने हातवारे करत हट्ट धरला आणि तो मैदानात परतला. व्यावसायिक फुटबॉलपटूंची जागतिक संघटना फिफप्रोने या प्रकारावर तीव्र आक्षेप घेतला.

अशा हट्टाची किंमत संघालाही मोजावी लागू शकते. २०१८च्या चॅम्पियन्स लीग अंतिम लढतीत लिव्हरपूलचा गोलरक्षक लोरिस कारियसला सर्जिओ रामोसचे कोपर लागले. त्यानंतर कारियसच्या दोन ढोबळ चुकांतून गोल झाले आणि रेआल माद्रिदने सामना ३-१ असा जिंकला. काही दिवसांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्याला तपासले. सामन्यात त्याला कन्कशन झाले असावे आणि त्याचा खेळावर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यावर सर्वांचे एकमत नाही. पण सामना सुरू असताना त्याची तशी तपासणी झालीच नव्हती.

खरा धोका मोठ्या धडकेत की रोजच्या हेडरमध्ये?

वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि इंग्लंडचे आघाडीवीर जेफ अॅस्टल हेडरसाठी प्रसिद्ध होते. जानेवारी २००२ मध्ये वयाच्या ५९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते. वारंवार चेंडू डोक्याने मारल्यामुळे मेंदूला इजा झाली, असे चौकशीत स्पष्ट झाले आणि मृत्यूचे कारण ‘व्यवसायजन्य आजार’ असे नोंदवले गेले.

२०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील डॉ. विली स्टुअर्ट यांच्या पथकाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदींची सर्वसामान्य लोकांशी तुलना केली. मेंदूच्या ऱ्हासाशी संबंधित आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये सुमारे साडेतीन पट आढळले. त्याच वेळी हृदयविकाराने होणारे मृत्यू त्यांच्यात कमी होते; म्हणजे खेळाचा फायदाही दिसला. हा अभ्यास पुरुष खेळाडूंपुरता होता आणि त्यातून थेट कारण सिद्ध होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे.

याच पथकाच्या २०२१च्या अभ्यासात आणखी एक बाब पुढे आली. सर्वाधिक हेडर मारणाऱ्या बचावपटूंमध्ये अशा आजारांचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे पाच पट होते. गोलरक्षकांमध्ये मात्र लक्षणीय वाढ दिसली नाही. ट्राउटमान किंवा चेकसारख्यांची झेप आपल्या अंगावर काटा आणते. पण सरावात रोज पन्नास वेळा चेंडूला डोके लावणाऱ्या बचावपटूकडे कुणाचे लक्षही जात नाही. धोका कदाचित तिथेच साचत असतो.

नियमांत काय बदलले?

२०१४ मध्येच फिफाने कन्कशनच्या संशयावरून तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवण्याची आणि खेळाडूला परतू देण्याचा निर्णय संघाच्या डॉक्टरांवर सोपवण्याची तरतूद केली. जानेवारी २०२१ पासून ‘कन्कशन बदली खेळाडू’ची चाचणी सुरू झाली. जुलै २०२४ पासून ही तरतूद खेळाच्या नियमावलीत आली. ती वापरायची की नाही, हे प्रत्येक स्पर्धेचे आयोजक ठरवतात. हा बदल नेहमीच्या बदलांच्या संख्येत धरला जात नाही. मात्र बाहेर गेलेला खेळाडू परतू शकत नाही.

सरावावरही बंधने आली. अमेरिकेत २०१५ मध्ये दहा वर्षे आणि त्याखालील वयाच्या मुलांना हेडरची मनाई करण्यात आली. इंग्लंडमध्ये २०२०पासून प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात हेडर शिकवू नये, असे निर्देश आहेत. व्यावसायिक खेळाडूंनी आठवड्याच्या सरावात जोरदार हेडर दहापर्यंतच मारावेत, अशी शिफारस २०२१-२२च्या हंगामापासून आहे.

मग वाद कशाचा?

तीन मिनिटांत मेंदूची नीट तपासणी होऊ शकत नाही, असे खेळाडूंच्या संघटनांचे म्हणणे आहे. रग्बीत जखमी खेळाडूला बाहेर नेऊन शांतपणे तपासले जाते आणि तोवर दुसरा खेळाडू त्याच्या जागी खेळतो. फुटबॉलमध्येही असा तात्पुरता बदल आणावा, ही मागणी प्रीमियर लीगसह काही लीगनी केली. नियम ठरवणाऱ्या ‘इफॅब’ने २०२३ मध्ये तिच्या चाचणीला परवानगी नाकारली. ठीक वाटणाऱ्या खेळाडूलाही नंतर त्रास उद्भवू शकतो, त्यामुळे संशय आला की कायमचे बाहेर काढणेच सुरक्षित, हा या भूमिकेमागील युक्तिवाद. विरोधकांचे उत्तर असे, की कायमचा बदल म्हटला की प्रशिक्षक आणि खेळाडू दोघेही कचरतात.

नियमाचा गैरफायदा घेतला जाईल, ही भीतीही आहेच. क्रिकेटमध्ये त्याची चुणूक पुणेकरांनी पाहिली. ३१ जानेवारी २०२५ रोजी गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या टी-२० सामन्यात अष्टपैलू शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याच्या जागी आलेला वेगवान गोलंदाज हर्षित राणाने तीन बळी घेतले आणि हा ‘तसाच बदली खेळाडू’ कसा, असा सवाल इंग्लंडने केला.

अशा शंकांवर नियम नेमके करून मार्ग निघू शकतो. हादरलेल्या मेंदूवर असा झटपट इलाज नाही. माराकानावर क्रामर बाहेर गेला, तेव्हा त्याच्या जागी आंद्रे शुर्ले आला. ११३व्या मिनिटाला शुर्लेनेच डावीकडून चेंडू आत धाडला, मारिओ गोत्झेने गोल केला आणि जर्मनी विश्वविजेती ठरली. आपल्याला त्या सामन्यातील बरेच काही आठवत नाही, असे क्रामरने नंतर सांगितले.