तळघरातली ओल आणि छातीचा त्रास

शिक्षण-नोकरीसाठी कॅनडाला गेलेली आपली बरीच मुले भाडे परवडते म्हणून तळघरातल्या खोलीत राहतात. ‘भिंतीच्या कडेला काळे डाग पडलेत, खोकला जात नाही,’ असे मुलाने फोनवर सांगितले, तर ते थंडीवर ढकलू नका. ते डाग बहुधा बुरशीचे असतात. बुरशीचे कण श्वासातून आत गेले की सर्दी आणि खोकला होतो. दमा असेल तर तो बळावतो.

ओल येते कुठून? थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसेच इथे होते. मातीत गाडलेली काँक्रीटची भिंत गार असते. आंघोळ, स्वयंपाक आणि आत वाळत घातलेले कपडे यांची वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. कारण ओळखायला भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला पाणी दिसले तर ते हवेतले. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी मातीतून झिरपते आहे. मग आधी बाहेरची पन्हळ, जमिनीचा उतार आणि भेगा दुरुस्त कराव्या लागतात.

त्यानंतर भिंतीला आतून फोमचे कडक तक्ते लावतात. हा थर्माकोलच्या जातीचाच, पण घट्ट माल. दोन इंच जाडीचा तक्ता फोमला चालणाऱ्या गोंदाने थेट काँक्रीटला चिकटवतात. सांधे टेपने आणि फटी फवाऱ्याच्या फोमने बंद करतात. फट राहिली तर खोलीतली हवा मागे शिरते आणि बुरशी दिसणार नाही अशा जागी वाढते. काचतंतूची गादी थेट काँक्रीटला लावली तरी हेच होते.

फोम उघडा ठेवू नये. आग लागली तर त्याचा धूर जीवघेणा असतो. म्हणून वरून अर्धा इंची जिप्सम बोर्ड हवाच, आणि तो जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवावा, म्हणजे ओल शोषत नाही.

हे काम घरमालकाचे आहे. मुलांनी डागांचे फोटो काढून लेखी कळवावे. तोवर पलंग भिंतीपासून हातभर दूर ठेवावा, कपडे खोलीत वाळवू नयेत आणि हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवावी.

आणखी एक गोष्ट. तळघरात जमिनीतून रेडॉन वायू येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि फोमने तो थांबत नाही. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते मोठे कारण आहे. कॅनडात त्याची मर्यादा घनमीटरला २०० बेकरेल आहे आणि मोजणी किमान तीन महिने करतात.

पुढच्या फोनवर ‘जेवलास का?’ विचाराल, तेव्हा ‘खोलीत ओल आहे का? खिडकी उघडते का?’ हेही विचारा.