सत्तेचाळीस, एन्टर

दिवाणजींची नजर यादीवर असते आणि उजव्या हाताची बोटं कळफलकाच्या उजव्या टोकाला. ४७, एन्टर. तूर डाळ फटका. २, एन्टर, म्हणजे दोन किलो. ११२, एन्टर. गूळ. पडद्याकडे ते बघतच नाहीत. बघितलं तरी फार काही दिसणार नाही, कारण निळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांवर कोळशाच्या धुळीचा थर असतो. वणीत तो सकाळी पुसला तर संध्याकाळी परत बसतो. कळफलकावरची इंग्रजी अक्षरं केव्हाच झिजून गेली आहेत. आकडे तेवढे टिकलेत, तेही बहुतेक दिवाणजींच्या बोटांतच.

या किराणा दुकानात मी आईची यादी घेऊन लहानपणापासून येतो. गेल्या दिवाळीनंतर काकांनी, म्हणजे मालकांनी, मला वेगळ्याच कामासाठी बोलावलं. "ते बिलिंगचं बदलाव लागते आता. आमचं पोट्टं म्हणते हे घ्या, दिवाणजी म्हणते काहीच घेऊ नका. तू जरासा बसत जाय आमच्याजवळ." बसायला मी कोणी संगणकाचा जाणकार नव्हे. पण मधे तिसरा माणूस असला की बापलेकांचा आवाज चढत नाही, एवढं काकांना ठाऊक होतं.

जुना प्रोग्रॅम नागपूरच्या एका गृहस्थांनी फॉक्सप्रोत लिहून दिलेला. डॉसवर चालणारी २.६ आवृत्ती, १९९४ सालची. तेव्हा विदर्भातल्या धान्याच्या, औषधांच्या, कापडाच्या दुकानांत असे एकट्यादुकट्याने लिहिलेले प्रोग्रॅम पुष्कळ होते. मायक्रोसॉफ्टने २००७ साली सांगून टाकलं की फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही, आणि २०१५च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढून घेतला. दुकानात कोणाला पत्ताही लागला नाही. कंपनीने हात काढले म्हणून प्रोग्रॅम त्या दिवशी मरत नसतो. शेजारचं काही हललं की मरतो.

शेजारच्या दोन गोष्टी तीन आठवड्यांत हलल्या. २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८चे टप्पे गेले. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८वरून ५वर आली, तूप आणि फरसाण १२वरून ५वर, शाळेच्या वह्या शून्यावर. डिटर्जंट पावडर मात्र १८वरच राहिली. या प्रोग्रॅममध्ये कराचा दर वस्तूला नव्हे, गटाला जोडलेला आणि 'साबण' गटात अंगाचा न् कपड्याचा शेजारी शेजारी बसलेले. गट फोडायचा तर लिहिणाऱ्यालाच हात घालावा लागणार. काकांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "आता डोळ्याले दिसत नाही भाऊ. मी ते काम बंद केलं." मग १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा आधार संपला. संगणक दुरुस्त करणारा म्हणाला, नवा घ्या, विंडोज ११चा. पण डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवणारी सोय विंडोजच्या फक्त ३२ बिटच्या आवृत्तीत होती, आणि ११ येतं ते ६४ बिटचंच. नव्या डब्यात जुना प्रोग्रॅम उघडणारच नाही.

दिवाळीचा हंगाम काका-दिवाणजींनी साबणांचा वेगळा गट आपल्या हाताने, गल्ल्याजवळच्या कॅल्क्युलेटरवर सांभाळून काढला. लक्ष्मीपूजनाला लाल वहीची पूजा झाली, संगणकाला हळदकुंकू लागलं आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. (खत विकणाऱ्या कृषी केंद्रवाल्याला किंवा रेशन दुकानदाराला ही डोकेदुखी नाही. त्यांना सरकारी ई-पॉस मशीन येतं, ते म्हणेल तसं वागायचं. काकांना त्यांचा कधी हेवा वाटायचा, कधी कीव.)

पहिलं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून चालणारं. ते दाखवणारा मुलगा नागपुरात बसून पडद्यावर बोलत होता. रंगीत आलेख, कोणत्या तासाला गर्दी, कोणता माल पडून आहे. काकांच्या मुलाचे डोळे चमकले. काकांनी एकच विचारलं, "नेट गेलं तं?" तो म्हणाला, हल्ली नेट जात नाही सर. त्याच आठवड्यात रस्ता खोदताना वायर तुटली आणि आमच्या गल्लीत दोन दिवस नेट नव्हतं. खरं सांगायचं तर काही इंटरनेटवाली सॉफ्टवेअरं तेवढ्यापुरती बिलं मशीनमध्ये साठवून नंतर वर पाठवतात. हे तसं करतं का, याचं उत्तर त्या मुलाला माहीत नव्हतं. माझ्या लेखी तो तिथेच बाद झाला.

दुसरं दुकानातल्याच संगणकावर बसणारं, परवाना एकदाच, पुढे दरवर्षी नूतनीकरण. तिसरं मोबाईलवरचं, स्वस्त. पानठेल्याला किंवा छोट्या डेलीनीड्सला उत्तम, पण इथे एका यादीत साठ-साठ वस्तू असतात.

निवड कशी करायची याची युक्ती अखेर दिवाणजींना सुचली आणि ती मला फार आवडली. खिळ्याला टोचलेल्या बाजाराच्या दिवशीच्या याद्यांमधून त्यांनी दहा काढल्या. मुद्दाम वाकड्या. म्हणाले, "हे दहा बिलं करून दाखवा. बाकी तुमचं काहीच पाहाचं नाही मले."

त्या दहा याद्यांत अख्खं दुकान होतं. एकीत तूर डाळ दोनदा लिहिलेली, एकदा पोत्यातली सुटी, एकदा छापील पाकिटातली. डाळ तीच, पण जुलै २०२२पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळींवर ५ टक्के आणि सुट्यावर काही नाही. म्हणजे एकाच बिलावर दोन ओळी, दोन दर. दुसरीत तेलाचा पिपा, त्यातून पाच किलो सुटं काढून दिलेलं आणि उरलेला पिपा साठ्यात. तिसरीत अगरबत्तीची पेटी घेतलेली आणि चार पुडे परत आलेले. चौथा गिऱ्हाईक बिल अर्धं झाल्यावर "थांबा जी, साखर राहिली" म्हणून मागे फिरलेला, त्याच्यामागे तिघं उभे, म्हणजे त्याचं बिल बाजूला ठेवून दुसऱ्याचं सुरू करता आलं पाहिजे. पाचवी राजूरच्या एका छोट्या दुकानदाराची, त्याला जीएसटी क्रमांकासकट बिल हवं. सहावीत भेलीचा गूळ. भेल फोडली की वजन दर वेळी वेगळं भरतं. त्यासाठी वजनकाट्यालाच लेबल छापायचं यंत्र जोडतात. त्या लेबलवरचा बारकोड साधारण २ने सुरू होतो आणि त्याच्या आकड्यांतच वजन किंवा किंमत दडलेली असते. पाकिटांवरचा ८९०ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड वेगळा. हा फरक नव्या सॉफ्टवेअरला कळला नाही तर सव्वा किलोची भेल त्याला अनोळखी वस्तू वाटते. दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्याने सेटिंगमध्ये शोधून शोधून हे जमवलं, तेव्हा चहा आला होता आणि गारही झाला होता.

सातवी यादी कायरच्या एका शेतकऱ्याची. तिच्यावर सगळे अडले.

या भागात उधारी कापसावर चालते. आषाढात नेलेल्या किराण्याचे पैसे कापसाचा चुकारा आला की येतात. वेकोलिच्या कोळसा खाणींतल्या कामगारांची उधारी पगाराला फिटते, ती महिन्याची. शेतकऱ्याची वर्षाची. जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक उधारीच्या बिलाखाली आपोआप एक ओळ छापली जायची: मागील बाकी, आजचे, जमा, एकूण बाकी. गिऱ्हाईक बाकीचं बिल वाचतच नाही, ती एकच ओळ वाचतो. जमलं तर मान हलवतो, नाही जमलं तर तिथेच बोलतो, चैत्रात नव्हे. मोबाईलवाल्यात ही ओळ वेगळ्या अहवालात होती. इंटरनेटवाल्यात होती, पण आधीच्या महिन्यांची जमा दिसत नव्हती. दुसऱ्याने बिलाचा नमुना बदलून ती ओळ छापून दाखवली आणि दिवाणजींनी पहिल्यांदा चष्मा काढला.

मग त्यांनी विचारलं, "माह्ये नंबर राहीन का?" म्हणजे ४७ हा ४७च राहील का? हेच त्यांच्या मनातलं खरं भय होतं. पंचवीसेक वर्षांत बोटांत बसलेले ते आकडे. माउसने नाव शोधत बसायचं तर त्यांचा वेग निम्म्यावर आला असता आणि गर्दीत त्यांची जागा तरण्या पोराने घेतली असती. हे कोणी बोललं नाही. प्रत्येक वस्तूला जोडीला छोटा संकेतांक देता येतो असं निघालं आणि निवड तिथेच झाली, असं मला वाटतं. काकांनी मात्र त्यानंतरही एक प्रश्न ठेवला होता.

"तू उद्या गेला तं?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं. तो हसला, आमची कंपनी मोठी आहे म्हणाला. मोठेपणाचं सांगू नये. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टचंच होतं. अमेरिकन कंपनी इंट्युइटने हिशेबाच्या क्विकबुक्सची भारतातली सेवा २०२३ साली बंद केली. मी काकांना सुचवलं तेवढं त्यांनी लिहून घेतलं: सगळा माल, सगळी खाती, सगळी बिलं केव्हाही एक्सेलमध्ये काढता आली पाहिजेत, वर्षाचं नूतनीकरण चुकलं तरी. विक्रेत्याने तिथल्या तिथे काढून दाखवली.

माल नव्यात आणणं हे वाटलं त्याहून किचकट निघालं. जुन्या प्रोग्रॅममध्ये नावाला वीस अक्षरांची जागा, तीही इंग्रजीत, त्यामुळे निम्मी नावं शेंडा छाटलेली. निम्म्याहून जास्त वस्तू मेलेल्या. त्यांत चार आण्याच्या गोळ्याही सापडल्या. २५ पैशांचं नाणं २०११च्या जूनअखेरीलाच चलनातून गेलं. पहिल्या खेपेला एक ओळ सरकली आणि ४७ला हिंग आलं. दिवाणजी दिवसभर तेच सांगत होते, येईल त्या गिऱ्हाइकाला.

उधारी मात्र कोणत्याच फाइलमधून आपोआप आणायची नाही, असं काकांनी ठरवलं. एकेक खातं वाचून, बोलून, नव्याने लिहायचं. तीन संध्याकाळी मी तिथे होतो. दिवाणजी वाचायचे, काकांचा मुलगा टाइप करायचा. नावं अशी: 'घोन्सा, ट्रॅक्टरवाला', 'भालर, मास्तरचा लहान', 'शिरपूर, चष्मा'. "चष्मा कोण?" मुलाने विचारलं. "त्याचा बाप चष्मा लावे. हा नाही लावत." काही खात्यांवर काका नुसते हात हलवायचे, मुलगा शून्य लिहायचा. का, ते मी विचारलं नाही. एका खात्यात उलट दुकानाकडेच बारा रुपये निघत होते, शिरपूरच्या एका बाईचे, बऱ्याच वर्षांपूर्वीचे. ते तसेच नव्यात उतरवले.

जुना संगणक फेकायचा नाही. जीएसटीच्या कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात आणि ती वाचणारा एकच डबा दुकानात आहे. त्याचं नेट काढलं, जुन्या फाइलींची नक्कल दोन ठिकाणी ठेवली, वर धोतराचं फडकं टाकलं. महिन्यातून एकदा चालू करून बघायचं असं ठरलंय.

नवं सुरू केलं १ एप्रिलला. बिलांची क्रमांकमालिका आर्थिक वर्षाची असते, मधेच बदलली तर वर्षभर हिशेब तपासणाऱ्याला समजावत बसावं लागतं. आदल्या रात्री मालाची मोजदाद झाली, शटर अर्धं पाडून, घामाघूम. रोखीच्या बिलांना नवा थर्मल प्रिंटर आला. उधारीला मात्र जुना डॉट मॅट्रिक्सच ठेवला, कारण थर्मलच्या कागदावर कार्बन कॉपी निघत नाही आणि वणीच्या उन्हाळ्यात टिनाखाली ठेवलेल्या चैत्रातल्या बिलावरची अक्षरं पावसाळ्यापर्यंत टिकायची नाहीत.

पहिल्याच दिवशी दुपारी एक म्हातारी पैसे देऊन काउंटरशी उभीच राहिली. दिवाणजींनी विचारलं, "काय राह्यलं माय?"

"बिल निघू द्या ना जी."

"निघालं न. हे काय."

"वाजलं तं नाही."

दिवाणजींनी ती चिठ्ठी तिच्या हातावर ठेवली. कागद अजून कोमट होता. तिने तो उलटा सुलटा करून पाहिला, पदराच्या गाठीत बांधला आणि मागच्या माणसाला जागा दिली. दिवाणजींची बोटं परत खाली गेली. ४७, एन्टर.