आईला भेटायला जाताना

यंदाच्या निधीतला एक वाटा तुरुंगातल्या आयांच्या मुलांसाठी द्यायचा असं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच होता. "गुन्हेगारांसाठी कशाला? गरजू लोक काय कमी आहेत?" प्रश्न रास्त आहे. आमच्यापैकी काहींच्या मनातही तो होताच. म्हणून थोडी माहिती सभासदांपुढे ठेवत आहोत.

न्यूयॉर्क राज्यातला बेडफर्ड हिल्स हा स्त्रियांचा कडक बंदोबस्ताचा तुरुंग वेस्टचेस्टर काउंटीत आहे, मॅनहॅटनहून गाडीने साधारण तासाभरावर. १९०१ साली तो सुधारगृह म्हणून सुरू झाला आणि तेव्हापासून तिथे तान्ह्या बाळांसाठी पाळणाघर आहे. शिक्षा भोगताना बाळंत झालेल्या बाईला राज्याच्या कायद्याप्रमाणे बाळ एक वर्षापर्यंत जवळ ठेवता येतं. सुटका जवळ आली असेल तर दीड वर्षापर्यंत. अर्थात सगळ्याच जणींना ही परवानगी मिळत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. आपल्याकडचा नियम याबाबतीत जास्त सैल निघाला, याचं आम्हालाही नवल वाटलं! सहा वर्षं भिंतीच्या आत वाढणं मुलासाठी कितपत बरं, हा मात्र वेगळा प्रश्न.

या तुरुंगाच्या कामात सिस्टर एलेन रूले यांचं नाव आदराने घ्यायला हवं. १९८० साली त्यांनी इथे मुलांचं केंद्र उभं केलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आसपासची कुटुंबं या मुलांना आठवडाभर आपल्या घरी ठेवून घेत आणि रोज आईकडे पोचवत. ही कल्पनाही त्यांचीच. त्या २०२० साली वारल्या. याशिवाय कैदी बायका इथे कॉलेजचं शिक्षण घेतात. १९९४ च्या कायद्याने कैद्यांची सरकारी शिष्यवृत्ती गेली आणि वर्ग बंद पडले, तेव्हा १९९७ मध्ये खाजगी मदतीतून ते परत सुरू झाले. त्याच वर्षी कुत्र्याची पिल्लं वाढवून त्यांना सेवेसाठी तयार करण्याचा उपक्रमही इथेच सुरू झाला.

पण आमच्या निधीचा संबंध आहे तो भेटीशी.

अमेरिकेच्या १९९७ च्या एका कायद्याप्रमाणे मूल गेल्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांच्या घरी वाढलं असेल, तर आईचे हक्क रद्द करण्यासाठी सहसा कोर्टात अर्ज करावा लागतो. तीन वर्षांची शिक्षा झालेल्या बाईने काय करायचं? न्यूयॉर्कने २०१० मध्ये कायदा बदलून थोडी सवलत दिली. आई तुरुंगात असली तरी तिने मुलाशी नातं टिकवलं असेल, तर ते विचारात घेता येतं. म्हणजे प्रत्येक पत्र, प्रत्येक फोन, प्रत्येक भेट मोलाची. आणि भेट आईच्या हातात नसते. मुलाला कोणीतरी घेऊन यावं लागतं.

शहरातून कैद्यांच्या नातेवाइकांसाठी राज्याची मोफत बस असायची. ती १९७३ पासून चालू होती, २०११ मध्ये पैसे वाचवण्यासाठी बंद झाली. बेडफर्ड हिल्सला निदान ट्रेनने जाता येतं, पुढे स्टेशनवरून टॅक्सी. पण स्त्रियांचा दुसरा तुरुंग ऑल्बियनला आहे, ऑन्टारियो सरोवराच्या बाजूला, शहरापासून सुमारे साडेतीनशे मैलांवर! नातवाला सांभाळणाऱ्या आजीला हे दर महिन्याला कसं जमावं? तिकीट, जेवण, बहुतेक वेळा रात्रीचा मुक्काम, आणि आजीचा बुडालेला रोज.

गाडी चालवायला तयार असलेल्या सभासदांसाठी दोन शब्द. मुलाबरोबर मोठं माणूस लागतंच. मोठ्यांचं फोटो असलेलं ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला आणि तुम्ही पालक नसाल तर पालकांची लेखी परवानगी बरोबर ठेवा. मोबाईल आत नेता येत नाही. धातू शोधणाऱ्या यंत्रातून जावं लागतं, तेव्हा बांगड्या घरीच ठेवलेल्या बऱ्या. भेटायला जाताना डबा न्यायची आपली सवय, पण इथे तो चालत नाही. भेटीच्या खोलीतल्या मशीनमधून घ्यायचं. आईने मुलाला जवळ घेतलेलं मात्र चालतं. भेटींचे दिवस बदलत असतात आणि कधी भेटी अचानक रद्दही होतात. २०२५ मध्ये रक्षकांच्या संपामुळे त्या राज्यभर बंद होत्या. म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. पाच वर्षांच्या पोराला बंद दारावरून परत आणणं सोपं नाही.

देणगीचा प्रत्येक डॉलर प्रवासासाठीच वापरला जाईल: ट्रेनचं तिकीट, टॅक्सी, पेट्रोल आणि लांबच्या कुटुंबांसाठी एका रात्रीचा मुक्काम. कोणत्या आईने काय गुन्हा केला, हे आम्ही विचारणार नाही. देणगीचा फॉर्म शेवटच्या पानावर आहे. शनिवारी गाडी देऊ शकणाऱ्यांनी त्याच फॉर्मवर तसं लिहावं, आणि गाडीत लहान मुलाची सीट आहे का, तेही.